मागच्या सीटवरून घेतलेली गाडी

चंद्रपुरात पांढरं कापड विकणं हा शहाण्या माणसाचा धंदा नाही. मी तो बावीस वर्षं करते आहे. माझ्या दुकानात दुसरा रंगच नाही. शाळेचे शर्ट, वंदनेला नेसायच्या साड्या, पंचे, बुद्धमूर्तीखाली टेबलावर अंथरायचं कापड, सगळं पांढरं. सुरुवात आठवडी बाजारात डोक्यावरच्या गाठोड्यापासून झाली. आता पक्कं दुकान आहे, शिवणाला दोन बाया आहेत, आणि माझा फोन गेला की नागपूरचे ठोक व्यापारी आधी भाव चढवून सांगतात, मग माझं बोलणं खात खात तो खाली आणतात. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. तापट माणसाला माल स्वस्त मिळतो, हे मात्र ते म्हणत नाहीत.

या धंद्याने मला एक विद्या दिली, धूळ ओळखण्याची. वीजकेंद्राची राख करडी आणि हलकी असते, कापड झटकलं की जाते. सिमेंटच्या भुकटीला पाणी लागलं की ती धरून बसते. कोळशाची धूळ चिकट, झटकाल तेवढी पसरते. गिऱ्हाइकाने जुना शर्ट मापाला आणला की मी कॉलर पाहून सांगते, तो वीजकेंद्राशेजारच्या ऊर्जानगरहून आला की कोळसाखाणींच्या घुग्घुसहून. लोकांना नवल वाटतं. मलाही या विद्येचा फार अभिमान होता. मी जुनी गाडी घेतली तोपर्यंत होता.

गाडी घ्यायला कारण झाला माझा धाकटा भाऊ. तो वीजकेंद्रात कोळशाच्या विभागात आहे, ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहतो. त्याचं शिक्षण माझ्या गाठोड्यावर झालं. हे मी त्याला वर्षातून दोनदाच ऐकवते. आमच्या घरात जी काही उंची होती ती त्या एकट्याने घेतली, पाच फूट अकरा इंच. माझ्या वाट्याला चार फूट दहा इंच आली. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायला त्याने दुसरी कारणं भरपूर दिली.

आमचे वडील आलापल्लीकडे लाकडाच्या डेपोवर कामाला होते. आई अजून तिकडेच, अहेरीच्या अलीकडच्या एका गावात राहते. दरवर्षी वडिलांच्या स्मृतिदिनाला सकाळी अकरा वाजता तिथे वंदना होते, मग जेवण. भावाने चारचाकी घेतल्यापासून मी त्याच्याच गाडीतून जायची. मागच्या वर्षी आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, गाडीत जागा नाई होऊन राह्यली. हिचे मामा-मामी येऊन राह्यले. तू बसनं येऊन जाशीन ना?"

मी म्हटलं, "माह्या बापाच्या वंदनेले तुह्या बायकोचे मामा?"

"त्यायले अहेरीचा बाजार पाहायचा आहे," तो म्हणाला.

मी बसने गेले. काखेत कापडाचं गाठोडं होतं, टेबलावर अंथरायला खास कापून, कडा शिवून घेतलेलं. गोंडपिपरीपर्यंत उभी होते. पुढे आष्टीच्या पुलाजवळ लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली आणि बस तासभर जागची हलली नाही. रांग सुटल्यावर भावाची गाडी आम्हाला ओलांडून गेली. मागच्या खिडकीत मामी संत्रं सोलत बसल्या होत्या.

मी पोहोचले तेव्हा साडेबारा झाले होते. वंदना आटोपली होती, पंगत बसली होती. टेबलावर कोणाच्या तरी घरची फुलाफुलांची चादर होती, गुलाबी, आणि तिच्यावर माझ्या बापाचा फोटो. चंद्रपूर जिल्हाभर लोकांच्या टेबलांना मी पांढरं कापड पुरवते आणि माझा बाप गुलाबी चादरीवर बसला होता. गाठोडं मी सोडलंच नाही.

जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, राग नको मानू. पुढच्या साली पाहू काहीतरी."

"पुढच्या साली मी माह्या गाडीनं येईन," मी म्हटलं. "अकराच्या आत."

"चालवन कोण?"

"मी."

तो वाटीतली कढी बाजूला ठेवून हसला. "तुले ब्रेक तरी पुरन काय?"

मामासुद्धा हसले. ज्यांच्यामुळे मी उभ्याने आले ते मामा.

चंद्रपूरला परतल्यावर मी ड्रायव्हिंग शिकायला नाव घातलं. वय पन्नास. शिकवणारा माणूस शांत होता, मी ओरडले तरी ओरडायचा नाही, नुसता आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा. पहिल्याच दिवशी त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी बसायच्या आधीच सीट पुढे ओढून ठेवली. नंतर रोज ती माझ्यासाठी पुढेच असायची. गाडीची सीट सरकते, ती आपली आपल्याला सरकवून घ्यावी लागते, हा विचार त्यामुळे माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. लायसन्स मिळालं. स्मृतिदिनाला दोन महिने उरले होते.

नवी गाडी घ्यायचा प्रश्न नव्हता. नव्या गाडीचा भाव छापील असतो. छापील भावाची वस्तू मी शक्यतो घेत नाही.

जुन्या गाड्या पाहायला मी पांढऱ्या कापडाची एक पट्टी घेऊन जायची. हात पुसायच्या रुमालाएवढी. विकणारा गाडीला बाहेरून कितीही चमकवो, आतल्या सांदीत जिथे त्याचं फडकं पोहोचत नाही तिथे ही पट्टी फिरवली की गाडी कुठे वाढली ते कळतं. एका गाडीचा मालक म्हणाला, गाडी नागपूरची आहे. पट्टीला लाल माती लागली आणि छतावर फांद्यांचे ओरखडे होते. जंगलात लाकूडठेकेदाराकडे राबलेली गाडी होती ती. दुसरीच्या दारांत सिमेंट असं बसलं होतं की दार उघडायला खांदा लावावा लागला. मी लगेच निघून आले. असं चार-पाच ठिकाणी झाल्यावर घुग्घुसच्या रस्त्याला एका वावराच्या कडेला लावलेल्या गाड्यांमध्ये मला माझी गाडी दिसली. लहान, पांढरी, दहा वर्षं वापरलेली. आवडली. म्हणून मी तिच्या शेजारची गाडी पाहायला लागले.

वस्तू आवडली हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही आणि ती आपल्यालाच हवी आहे हेही कळू द्यायचं नाही, हे मी आठवडी बाजारात शिकले. त्यात बाईमाणूस, पन्नाशीची, नवीन शिकलेली, हे कळलं असतं तर दहा हजार तिथेच चढले असते. म्हणून विकणारा चहा घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, "भावासाठी पाहून राह्यली. तो वीजकेंद्रात आहे, त्याले वेळ नाई."

विकणारा चाळिशीचा, गोड बोलणारा. "भाऊ पाहायले नाई येत?"

"माह्यावर सोडलं त्यानं. मले गाड्यातलं समजते."

"मग तं आमचं कठीण आहे," तो म्हणाला आणि शेजारच्या गाडीबद्दल बोलायला लागला. मी दहा मिनिटं ऐकून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं केलं, "आणि ही पांढरी?"

"ही डॉक्टरची. एकहाती. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. एक लाख नव्वद."

मी दार उघडलं, वाकले, आणि चालकाच्या सीटखालच्या रुळातून पट्टी फिरवली. काळी झाली. बोटांनी चोळून पाहिली तर चिकट.

"डॉक्टर कोळसा खात होता काय?"

"बाई, चंद्रपुरात कोणाच्या घरी धूळ नाई?"

"धुळीधुळीत फरक आहे. शहरातली राख असती तं फुंकरीनं उडाली असती. हा खाणीवरचा कोळसा आहे. बूट घालून उतरणारा-चढणारा माणूस होता हा, दवाखान्यातला नाई."

त्याने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग डॉक्टरचा विषय त्याने सोडून दिला. एक लाख सत्तर म्हणाला. मी एक लाख दहा म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला. मी पदर सावरला आणि रस्त्याकडे चालायला लागले. हे चालणंसुद्धा हिशोबाने करायचं असतं. फार हळू चाललं तर तो बोलावत नाही, फार जोरात चाललं तर त्याचा आवाज पोहोचत नाही. बाविसाव्या पावलाला त्याने हाक मारली.

मग चालवून पाहायचं ठरलं. त्याचा माणूस चालवायला बसला. मी मागे बसले. आज कोणी विचारतं, मागे का बसलीस? तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. मी जन्मभर गाडीत मागेच बसत आले, आणि भावासाठी गाडी पाहणाऱ्या बाईने स्टीअरिंगवर बसणं बरंही दिसलं नसतं. शिवाय मागून सगळे आवाज नीट ऐकू येतात, असं मी मनाशी म्हटलं. घुग्घुसच्या बाजूने तीन किलोमीटर जाऊन आलो. डावीकडे मागे एक खडखड होती, तिचे मी तीन हजार कमी करायला लावले. काच अर्ध्यावर अडत होती, तिचे दोन.

परत आल्यावर तो म्हणाला, "भाऊ उंच आहेत काय? लहान गाडीत उंच माणसाचे गुडघे लागतात."

मी त्या क्षणी सुद्धा भावाचा मोठेपणा करायला गेले. "पाच अकरा."

"मग सीट मागं घेऊन देतो. मले पुढची कटकट नको." त्याने सीटखालची दांडी ओढली, पाय टेकवून जोर लावला, आणि सीट करकर करत एकदम मागे गेली. दात खाल्ल्यासारखा आवाज आला.

"हा आवाज कायचा?" मी विचारलं.

"धुळीचा. तुम्हीच दाखवली ना."

त्या आवाजाचेही मी पाच हजार उतरवले. शेवटी एक लाख पस्तीसला सौदा झाला. तो म्हणाला, "बाई, एक सांगतो. तुम्ही स्वतः पट्टी फिरवून, आवाज ऐकून, एकेकाचे पैसे कापून घेतले. आता जशी आहे तशी. मागून बोलाचं नाई."

"मी कधी मागून बोलत नाई," मी म्हटलं. "माहं सगळं समोरच असते."

कागद झाले. त्याने पूजेसाठी नारळ दिला. तो मी घरी आणून चटणीत घातला. गाडी त्याचा माणूस दुकानासमोर लावून किल्ली देऊन गेला. त्या दिवशी मला वाटत होतं की चंद्रपुरात माझ्याइतका स्वस्त सौदा कोणी केला नसेल. शिवणाच्या बायांना मी काळी पट्टी दाखवली, एकीने ती धुवायला घ्यायला हात पुढे केला तर धुऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालकाच्या जागेवर बसले. पाय लांब केला. क्लच सापडला नाही. आणखी लांब केला. चपलेचा अंगठा ब्रेकला लागला, पण तोवर मी अशी निजले होते की समोर रस्त्याऐवजी मला झाडाचे शेंडे दिसत होते. दांडी ओढली. सीट हलली नाही. मागच्या सीटवर दोन्ही बाया बसल्या आणि गुडघ्यांनी माझी सीट पुढे ढकलायला लागल्या. मी स्टीअरिंग धरून ओढत होते. रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबला आणि म्हणाला, "काकू, चावी लावून पाहा."

मी रिक्षा करून विकणाऱ्याकडे गेले. रिक्षातच मी त्याला काय काय म्हणायचं ते सगळं म्हणून घेतलं, त्यामुळे पोहोचेपर्यंत घसा बसला होता.

"सीट पुढं येत नाई," मी म्हटलं.

तो विचारात पडला. खरंच पडला, सोंग नव्हतं. "पण भाऊ पाच अकरा म्हणले ना तुम्ही? त्यायले पुढं कायले पायजे?"

मी रिक्षावाल्याला थांब अशी खूण केली.

"का वजन वाढलं त्यायचं?"

"सीट पुढं-मागं व्हायले पायजे. कोणाचीही सीट व्हायले पायजे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पण त्याचे पाच हजार तुम्ही कापून नेले. आवाजाचे. धूळ तुम्हीच काढून दाखवली. मी तं डॉक्टरची गाडी म्हणून राह्यलो होतो." मग त्याने माझ्याकडे, माझ्या उंचीकडे, चपलांकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. हसला नाही, हे मला जास्त लागलं. चहा मागवला. "बाई, खरं सांगतो, तुमच्यासाठी पाहिजे म्हणल्या असत्या तं मी सीट मागं केलीच नसती. पुढंच होती. मेकॅनिकले दाखवा."

मेकॅनिकने सीटखाली टॉर्च मारली आणि सांगितलं, रूळ जाम झाला आहे, अख्खी सीट काढून रूळ बदलावा लागेल, सहा हजार. म्हणजे मी आवाजाचे जे पाच उतरवले होते त्यावर एक हजार जास्त. मी त्याला म्हटलं, ठेव तुझा रूळ. त्यानेही ठेवला. आता विचार करते तेव्हा दिसतं की सहा हजारांचा प्रश्न नव्हताच. ज्या धुळीवरून मी भाव पाडला ती काढायला पैसे दिले असते तर तो सौदा मी हरले असं झालं असतं. असा हरलेला सौदा घेऊन मी बापाच्या वंदनेला कशी जाणार होते?

उपाय दुकानात होता. कापडाचा तागा पाठीमागे लावून पाहिला. चाळीस मीटरचा लावला तर छाती स्टीअरिंगला टेकली. वीस मीटरचा लावला तर पुन्हा झाडाचे शेंडे. शर्टिंगचा अठ्ठावीस मीटरचा तागा बरोबर बसला, आणि बुडाखाली चौपदरी मांजरपाट. असं बसल्यावर ब्रेक पुरला, क्लच पुरला, समोर रस्ता दिसला. महिनाभर रोज पहाटे मी रिकाम्या मैदानावर तागा पाठीशी घेऊन गोल गोल फिरले. शिवणाच्या बाया म्हणायच्या, त्या ताग्याचा शर्ट ज्या पोराला मिळेल तो सगळ्यांत आधी ड्रायव्हर होईल.

स्मृतिदिनाला पहाटे पाच वाजता निघाले. भावाला सांगितलं नव्हतं. त्याने आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, "येतेस ना?" मी म्हटलं होतं, "येईन." जागेचं त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही.

बल्लारपूरपर्यंत मी एकदाही तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. मागून येणारे हॉर्न वाजवत, मग ओलांडताना वाकून पाहत की गाडीत कोणी आहे का. गोंडपिपरीच्या पुढे अहेरीला जाणाऱ्या बसने मला ओलांडलं, सकाळची पहिली बस. मागच्या वर्षी मी हिच्या नंतरच्या बसमध्ये होते, जी आष्टीच्या पुलाजवळ तासभर अडली होती. आज ही पहिली बस माझ्या पुढे निघून गेली आणि तिच्यात उभ्याने चाललेल्या बाया माझ्याकडे खिडकीतून पाहत गेल्या. वैनगंगेच्या पुलावर मी ताशी वीसने गेले. खाली पाहिलं नाही. आलापल्लीच्या सागवनात रस्त्याला खड्डे होते आणि समोरून ट्रक येत होते. प्रत्येक ट्रक आला की मी गाडी कडेला घेऊन थांबायची आणि तो गेला की पुन्हा सुरू करायची. एका चालकाने हात जोडून दाखवले. मीही जोडले.

दहा वाजून वीस मिनिटांनी मी आईच्या दारात गाडी उभी केली. हात स्टीअरिंगवरून सुटायला थोडा वेळ लागला.

आई ओसरीवर होती. ऐंशीच्या पुढची आहे, कान तिखट आहेत. गाडीकडे पाहून म्हणाली, "कोण सोडून गेलं वो तुले?"

"मी चालवत आणली."

"एकटी?" आणि मग, "चहा घेशीन?"

मी टेबलावर कापड अंथरलं. मागच्या वर्षीचंच, गाठोड्यातून न काढलेलं. एकही सुरकुती राहू दिली नाही. फोटो ठेवला, मेणबत्त्या ठेवल्या. गावातले लोक जमले. वंदना घेणारे बौद्धाचार्य आले, म्हातारे, निवृत्त शिक्षक. अकरा वाजले. मी पहिल्या ओळीत हात जोडून बसले.

बौद्धाचार्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ येऊन राह्यले ना? थांबू तासभर."

मला आधी वाटलं मी नीट ऐकलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी तंबाखू काढली. मी आईकडे सरकले.

"माय, मागच्या साली माह्यासाठी काऊन नाई थांबले?"

आईने जरासाही विचार केला नाही. "तुह्यासाठी कायले थांबाव? तू तं येतेच. रस्ता बंद असन तं पायी येशीन. त्याचं तसं नाई. त्याच्यासाठी नाई थांबलं तं तो पुढच्या साली येनार नाई."

मी वर्षभर जी गोष्ट उरात घेऊन फिरले, गाडी चालवायला शिकले, कोळशाची गाडी घेतली, त्या गोष्टीचं उत्तर आईजवळ तयार होतं आणि ते तिने वाटाण्याच्या शेंगा सोलत दिलं. आईशी घासाघीस करता येत नाही. पण बौद्धाचार्यांशी करता येत होती.

"गुरुजी, तास जास्त होते," मी म्हटलं. "पाच मिनिटं."

"बाई, पाऊण तास तरी."

"दहा. मेणबत्त्या वितळून राह्यल्या."

"अर्धा तास. इतक्या दुरून येऊन राह्यले."

"मी पण तिथूनच आली. दोन हातांनी. दहा मिनिटं."

मी उठून दारापर्यंत चालत गेले. हिशोबाने. ते मागून म्हणाले, "बरं, पंधरा."

सव्वा अकराला वंदना सुरू झाली. त्रिसरण झालं, पंचशील झालं, पुढच्या गाथा अर्ध्यावर आल्या तेव्हा बाहेर गाडीचा आवाज आला. भाऊ चपला काढून दाराशीच उभा राहिला, कारण आत जागा नव्हती. खरंच नव्हती, मी काही केलं नव्हतं. त्याच्या मागे त्याची बायको आणि मामी होत्या. बल्लारपूरला चहाला थांबले होते, असं नंतर कळलं.

वंदना संपल्यावर त्याने टेबलाकडे पाहिलं, मग अंगणाकडे. "ही कोणाची गाडी?"

"माही."

तो अंगणात इकडे-तिकडे पाहायला लागला. "ड्रायव्हर कुठी आहे?"

"तुह्यासमोर."

तो हसला नाही. गाडीपाशी गेला, टायरला पाय लावला, दार उघडलं. पाठीचा तागा उचलून मागे टाकला, मांजरपाट काढला, आत बसला. गुडघे बरोबर, हात बरोबर, डोकं छताच्या चार बोटं खाली.

"ताई, सीट तं माह्या मापाची आहे," तो म्हणाला. "एकदम फिट. हा तागा कायले लावला मग?"

मी मागच्या सीटवरचा तागा सरळ केला. एखादी गोष्ट खोटी सांगून घ्यावी आणि ती इतकी खरी निघावी, हे मला आठवडी बाजारात कोणी शिकवलं नव्हतं.

त्याने दांडी ओढून पाहिली, मग खाली वाकला, बोट घातलं, बोट नाकाशी नेलं. कोळशात पंधरा वर्षं काढलेला माणूस तो. "अवो, कोळसा ओला होऊन दगड झाला आहे आत. आमच्याकडं रोजचं आहे हे." स्वतःच्या गाडीतून बाटलीभर डिझेल आणि पेचकस आणला, रुळात डिझेल ओतलं आणि म्हणाला, "जेवण होऊ दे." जेवण झाल्यावर तो अंगणात आडवा झाला, खालून पेचकसाने टोकत राहिला, काळा गाळ निघत राहिला, आणि मग सीट सुळकन पुढे आली. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. सहा हजारांचं काम.

"पाहा," तो म्हणाला. त्याचा पांढरा शर्ट कोपरापर्यंत काळा झाला होता. शर्ट माझ्याच दुकानातला होता.

"किती झाले?" मी विचारलं.

"कायचे किती झाले?"

फुकट मिळालेल्या वस्तूत कमी करायला काही नसतं. असा सौदा मला कधी जमला नाही. मी म्हटलं, "शर्ट पाठवून दे, धुऊन देईन. तुह्यानं निघनार नाई तो डाग."

"जागा असती तं मागच्या साली आणलं असतं ताई तुले," तो म्हणाला. हात पुसत पुसत, खाली पाहत.

"मालूम आहे," मी म्हटलं.

निघताना सगळ्यांच्या देखत मी सीट पुढे घेऊनच बसले. आई दारात उभी होती, भाऊ हाताने गाडी मागे घ्यायला खुणा करत होता, ज्याची मला काही गरज नव्हती. ब्रेक सहज पुरला. क्लच सहज पुरला. पण पाठीमागे काही नव्हतं, आणि महिनाभर मी अठ्ठावीस मीटर कापडाला टेकून चालवायला शिकले होते. पहिल्या खड्ड्याला मी घाबरले, दुसऱ्याला गाडी बंद पडली.

गाव मागे पडल्यावर सागवनात एक मोकळी जागा पाहून मी थांबले. मागे-पुढे कोणी नाही हे पाहून घेतलं. दांडी ओढली, सीट मागे ढकलली, पाच अकराच्या मापापर्यंत. मागच्या सीटवरून तागा घेतला आणि पाठीशी लावला.

आता सीट छान पुढे-मागे होते. मी ती मागेच ठेवते.